बलामाची गाढवी अकोल्याला निघाली

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज पप्पांचा, त्याच्या खालोखाल माझा, आणि तिसरा नंबर कुकरचा. मम्मी तोंडाने कमी आणि भांड्यांनी जास्त बोलायची. पातेलं आदळलं म्हणजे ती नाराज आहे, झाकण आदळलं म्हणजे शेवटचा इशारा, आणि उलथनं जमिनीवर पडलं की सगळ्यांनी आपापल्या खोलीत जायचं. खोल्या दोनच होत्या, म्हणून मी अंगणात जायचो. मार्थाताईचा आवाज घरात फारसा नव्हताच. तिचा आवाज म्हणजे तिच्या व्हॅनचा आवाज. उजाडायच्या आत अंगणात घर्र, घर्र, घर्र सुरू व्हायचं, मग एकदाचं इंजिन धरायचं, शेजारचा कोंबडा हिरमुसून गप्प व्हायचा, आणि आमच्या अमरावतीच्या त्या कोपऱ्यातली पोरं दप्तरं घेऊन आपापल्या फाटकात येऊन उभी राहायची. ताई शाळेची व्हॅन चालवायची. कुणाच्या नाकाला रुमाल लाव, कुणाचा डबा विसरला तर परत फिर, दोघं भांडत असतील तर एकाला पुढे घे, हे सगळं ती गिअर बदलता बदलता करायची. पोरीचं नाव मार्था ठेवलं तेव्हाच पप्पांनी विचार करायला हवा होता. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, मार्थेच्या नशिबीही कामच आलं होतं.

व्हॅन खरं तर पप्पांनी स्वतःसाठी घेतली होती, सेकंडहँड. पहिल्याच दिवशी त्यांनी ती नगरसेवकाच्या घरासमोरच्या नालीत घातली, आणि त्यानंतर पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. पण रोज सकाळी पोरं शाळेत पोचवून झाली की ताई त्यांना ऑफिसला सोडायची आणि संध्याकाळी घ्यायला जायची. पप्पा पुढच्या सीटवर बसायचे. हातात पेपरची गच्च गुंडाळी. त्या गुंडाळीने डॅशबोर्डवर ठोकत ते सूचना द्यायचे, "डावीकून घे. हॉर्न मार. आता मारू नको." पप्पांना गाडी चालवता येत नव्हती, पण चालवायला सांगता येत होती.

मी बारावी कशीबशी पार करून कॉलेजात नाव घातलं होतं. माझं खरं शिक्षण गल्लीत चालायचं, ते म्हणजे नकला. भाजीवाल्या ऑटोचा भोंगा, चर्चच्या पाळकसाहेबांचं प्रार्थनेआधीचं खाकरणं, दूधवाल्याचं उधारी मागताना अचानक मऊ होणं, सगळं मला यायचं. एकदा मी गच्चीवरून गॅसवाल्याची आरोळी दिली, तर अर्धी गल्ली रिकाम्या टाक्या घरंगळवत रस्त्यावर आली. त्या दिवशी उलथनं पडलं नाही, थेट माझ्याकडे आलं. आता मी त्याच धंद्यावर जगतो, लग्नाच्या रिसेप्शनात आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. डोक्यावरचे केस गेले, पण आवाज सगळे शिल्लक आहेत. त्यातला एक आवाज मी अकोल्याच्या रस्त्यावर कमावला, तो कसा ते याच प्रकरणात येईल.

पप्पा आमच्या चर्चच्या संडे स्कूलचे प्रमुख होते, आणि जुना करार हा त्यांचा जीव की प्राण. नवा करार त्यांना थोडा गुळमुळीत वाटायचा. जुन्यात कसं, समुद्र फाटतो, भिंती पडतात, माणसं एकमेकांना स्पष्ट बोलतात. जगात काहीही झालं की पप्पांकडे त्याचा जुन्या करारातला दाखला तयार असायचा. लाइट गेली की मिसर देशावरचा अंधार. नळाला पाणी आलं नाही की मोशेने खडकावर मारलेली काठी. आणि मोबाइलवर खानदानाचा ग्रुप निघाला, त्यात काका एक बोलतोय, आत्या दुसरंच ऐकतेय, आणि भाऊजी सगळ्यांना गुड मॉर्निंगची फुलं पाठवताहेत, तेव्हा पप्पा मोबाइल डोळ्यापासून हातभर लांब धरून म्हणाले, "हा पाह्य, बाबेलचा बुरूज, जिथी कोनाचं कोनाले समजेना. देवानं एकडाव पाडला, तं लोकाईनं खिशात बांधला." ते म्हणायचे, शास्त्र जुनं झालं नाही, माणूसच जुना राहिला. गल्लीभरातल्या सगळ्यांवर त्यांनी शास्त्र लावून पाहिलं होतं. फक्त आमच्या फाटकाच्या आत ते लागू नव्हतं.

त्या वर्षी नाताळात संडे स्कूलचं नाटक बलामाचं होतं. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बलाम नावाचा एक मोठा माणूस. त्याने आशीर्वाद दिला की फळायचा, शाप दिला की बसायचा. बालाक नावाच्या राजाने त्याला निरोप धाडला, की ये आणि माझ्या शत्रूला शाप दे, तुझ्या मानपानाचं मी बघतो. बलाम निघाला आपल्या गाढवीवर बसून. वाटेत देवाचा दूत नंगी तलवार घेऊन उभा. बलाम एवढा द्रष्टा, पण त्याला काही दिसेना. दिसलं गाढवीला. पहिल्या वेळी ती रस्ता सोडून शेतात शिरली. दुसऱ्या वेळी भिंतीला घासली आणि बलामाचा पाय चेंगरला. तिसऱ्या वेळी जागाच इतकी अरुंद की ती त्याच्यासकट खाली बसली. तिन्ही वेळा त्याने तिला झोडपली. मग देवाने गाढवीचं तोंड उघडलं, आणि ती बोलली.

बलाम अर्थातच पप्पा. गाढवी अर्थातच मी. दूत म्हणून दुसरीतली एक पोरगी होती, ती थर्माकोलची तलवार घेऊन उभ्या उभ्या झोपली. पाळकसाहेबांनी संवाद लिहून दिले होते एकदम शुद्ध. माझं वाक्य होतं, "स्वामी, माझ्या हातून असा कोणता अपराध घडला आहे?" मी म्हटलं, "साहेब, मार खाल्लेलं जनावर असं बोलत नाही." ते म्हणाले, "डॅनियल, हे शास्त्र आहे, टाइमपास नाही." तालमीत मी शुद्ध बोललो. पण प्रत्यक्ष नाटकात पप्पा भूमिकेत असे शिरले की पेपरच्या गुंडाळीचे तीन फटके खरेच बसले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काहून मारून राह्यले बाप्पा मले? रोज माह्यावरच बसता ना? आजलोक कधी पाडलं का तुमाले?"

सगळं चर्च हसायला लागलं. दूत जागा झाला. पप्पा मात्र हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून, कुणी चहा झाला का विचारल्यासारखं, शास्त्रात बलाम देतो तेच उत्तर सरळ दिलं, "नाही." नाटक संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एक मावशी माझ्यावर चालून आल्या. "कारे पोट्ट्या, बलाम शुद्ध बोलते अन् गाढव वऱ्हाडी बोलते? म्हंजे आमी गाढवं का?" मी म्हटलं, "नाही वं मावशी. खरं बोलाची वेळ आली का माणूस घरच्या बोलीवर येते." मावशींना ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी मला एक करंजी दिली. घरी येताना व्हॅनमध्ये पप्पा खुशीत होते. गुंडाळीने डॅशबोर्ड वाजवत म्हणाले, "खरी गंमत त्या 'नाही'त हाये. गाढवी बोलली याचं त्याले काहीच नवल नाही. आपल्याले रोज जे वाहून नेते, ते एक दिवस तोंड उघडन, हे त्याले मनातून माहीत असन." ताई गाडी चालवत होती. तिने फक्त गिअर बदलला.

त्याच आठवड्यात अकोल्याहून सॉलोमनकाकांचा फोन आला. हे पप्पांचे बोर्डिंगमधले मित्र, आता अकोल्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पंच, फर्निचरचं दुकान, आवाज खुर्च्या ओढल्यासारखा. त्यांचा मुलगा अमोल लग्नाचा होता. दोघे मित्र फोनवर तासभर बोलले. शेवटी मला पप्पांचं एवढंच ऐकू आलं, "व्हॅनचं काय एवढं? इकून टाकू. तुह्या घरची सून काय गाडी चालोन का? तू पक्कंच समज. शब्द देला." स्वयंपाकघरात उलथनं पडलं. ताई दारातच उभी होती, हातात व्हॅनची किल्ली. ती म्हणाली, "पप्पा, थोडं बोलाचं होतं." पप्पा म्हणाले, "शनिवारी अकोल्याले चाललोच हावो. वाटेत बोलू."

म्हणजे व्यवस्था अशी झाली, की ज्या मुलीला पाहायला अकोल्याचे लोक बसले होते, ती मुलगीच सगळ्यांना गाडीत घालून स्वतःला दाखवायला घेऊन निघाली. भाड्याचा ड्रायव्हर करायचं पप्पांच्या डोक्यातही आलं नाही. घरची गाडी, घरची पोरगी. पप्पा पुढे, गुंडाळी हातात. मागे मी आणि मम्मी. मम्मीच्या मांडीवर गिला वड्याचा, म्हणजे दह्यात भिजलेल्या वड्यांचा डबा, कारण अमरावतीहून अकोल्याला रिकाम्या हाताने जायचं नसतं. ताईने निळी साडी नेसली होती आणि पायात तिचे नेहमीचे बूट, कारण चपलेने क्लच दाबता येत नाही.

बडनेरा सुटलं आणि पप्पा अकोल्याच्या मंडळीचा इतिहास सांगायला लागले. ताई दोनदा म्हणाली, "पप्पा, ते बोलाचं होतं." पप्पा म्हणाले, "हो, हो, बोलू. तं मंग त्या वर्षी सॉलोमननं पंचाईले काय म्हटलं..." तेवढ्यात ताईचा मोबाइल वाजला. तिने गाडी कडेला घ्यायला स्टिअरिंग वळवलं. कडा होती भुसभुशीत. व्हॅन रस्ता सोडून उतरली आणि हलत डुलत एका वावरात तुरीच्या ओळीत जाऊन थांबली. पप्पांनी गुंडाळी डॅशबोर्डवर मारली. "हे काय चालोनं हाये? नजर कुठी हाये तुही?" ताई खाली उतरली आणि तुरीच्या आड जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत राहिली. वावराचा मालक धोतर सावरत आला. म्हातारा मोठा मिश्कील.

"काय झालं बाप्पा? गाडीले शेंगा खाव वाटल्या का?"

पप्पा खजील होऊन म्हणाले, "माफ करा भाऊ. पोरीच्या सोयरिकीसाठी अकोल्याले जाऊन राह्यलो. गडबडीत हाव."

"हो का? गाडी कोन चालोते?"

"पोरगीच."

म्हाताऱ्याने तुरीपलीकडच्या ताईकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "मंग तुमी कायले चालले? तिले एकटीलेच जाऊ द्या. पसंत पडलं तं मुक्कामाले राहीन, नाही तं वापस येईन." मम्मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसासमोर खदखदून हसली. म्हाताऱ्याने तिच्या पदरात ओंजळभर शेंगा घातल्या, मी आणि त्याने मिळून गाडी ढकलली, आणि आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. ताईचा चेहरा गंभीर होता. पप्पांनी विचारलं नाही, कुणाचा फोन. इतिहास जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर चहाला थांबायचं ठरलं. टपरीशेजारी विटांची एक भिंत होती. ताई गाडी भिंतीच्या कडेने आत घेत होती. गाडी थांबायच्या आधीच दार उघडून पाय बाहेर काढायचा ही पप्पांची सवय. ऑफिससमोर ते रोज असंच उतरायचे. इथे ताईचा फोन पुन्हा वाजला, तिचं लक्ष अर्धा क्षण हललं, व्हॅन चार बोटं जास्त सरकली, आणि पप्पांचा पाय भिंत आणि दाराच्या मध्ये गेला. पाय मोडला वगैरे नाही. बुटाचं नाक चेपलं आणि अंगठा निळा झाला. पण पप्पांनी जो आवाज काढला, तो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतर कधी विसरलो नाही. सुरुवात हंबरड्यासारखी, मध्ये शिट्टी, शेवट एका स्तोत्राच्या सुरावर. आजही माझ्या कार्यक्रमात त्याला वन्स मोअर मिळतो, आणि पप्पा पहिल्या रांगेत बसून विचारतात, हा कोणाचा काढला रे.

"दुसऱ्यांदा!" पप्पांनी पुन्हा गुंडाळी आदळली. "आज तुले झालं तरी काय? बापाचा पाय तोडतं का?"

आणि इथे माझ्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं. वावर झालं, भिंत झाली. मी मम्मीच्या कानाशी लागलो. "मम्मी, आता अरुंद जागा येईन."

"काय?"

"पाह्य तू. आता अरुंद जागा येईन, अन् गाडी खाली बसन."

मम्मीने माझ्या तोंडात तुरीची शेंग कोंबली. "भैताडा, चूप बैस."

अरुंद जागा पप्पांनीच आणली. अकोलं जवळ आलं तसं ते म्हणाले, हायवेने नको, मला एक आतला रस्ता माहीत आहे, सरळ सॉलोमनच्या दुकानामागे निघतो. ताई म्हणाली, तिथी गाडी वळत नाही पप्पा. पप्पा म्हणाले, मी बोर्डिंगमध्ये असताना तिथून बैलगाडी जायची. तो रस्ता म्हणजे रेल्वेच्या पुलाखालचं एक बीळ होतं. दोन्हीकडे दगडी भिंत, वर रूळ, खाली चिखल, एका वेळी एकच गाडी. आमच्या मागे एक ट्रॅक्टर लागला. व्हॅन बरोबर मधोमध आली, आणि ताईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. मग ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला, आणि त्या बिळात तो असा घुमला की डब्यातले वडे हलले.

"आता काय झालं?" पप्पा ओरडले. गुंडाळी वर गेली. एक फटका, दोन, तीन. पेपर फाटून त्याच्या चिंध्या पप्पांच्या मांडीवर पडल्या. "लोकं वाट पाहून राह्यले! मी शब्द देला तिथी! काहून थांबली?"

मला राहवलं नाही. मी मागून गाढवीच्या आवाजात सुरू केलं, "काहून मारून राह्यले बाप्पा मले..."

"डॅन्या, चूप." ताई मागे न वळता म्हणाली. "आज तुही गरज नाही. माह्यं मीच बोलतो."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ती पप्पांकडे वळली. "पप्पा, तुमी रोज या गाडीत बसता. ऑफिसले, बाजारात, चर्चले. पानी असो का ऊन असो. आजलोक मी कधी तुमाले पाडलं का?"

ती गंमत करत नव्हती. नाटकातली आठवण तरी तिला होती की नव्हती कुणास ठाऊक. पण पप्पांना होती. मी मागून त्यांची मान पाहत होतो. कित्येक वर्षं ही गोष्ट त्यांनी पोरांना शिकवली होती, फळ्यावर गाढवीचं चित्र काढून. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं आणि त्या बिळात दुसरं कुठलं वाक्य उपलब्ध नव्हतं.

"नाही," पप्पा म्हणाले.

"मंग मी थांबली तं काहून थांबली, हे एकडाव तरी इचाराव का नाही?"

ट्रॅक्टरने पुन्हा हॉर्न दिला. ताईने खिडकीतून हात काढून त्याला थांब अशी खूण केली, शाळेसमोर ट्रकला करते तशी, आणि तो थांबला. मग ती म्हणाली, "त्या अमोलचा सकाळपासून फोन येऊन राह्यला. म्हणते, ताई, माह्यं दुसरीकडे जमलं हाये, पन बाबाले सांगाची हिंमत होत नाही, तं तुमीच नाही म्हना."

पप्पांनी विचारलं, "तो तुले ताई म्हणाला?"

"हो."

"मंग तं झालंच," मागून मम्मी म्हणाली.

"त्याचं सोडा," ताई म्हणाली. "त्याचं कुठी नसतं तरी माह्यं नाही. मले लग्न कराचंच नाही असं नाही पप्पा. पन तुमी फोनवर माही गाडी इकून टाकली. ते पोट्टे सकाळी फाटकात उभे राह्यते, त्याईले काय सांगू? तुमाले ऑफिसले कोन सोडन, याचा तरी इचार केला का तुमी?" तिचा आवाज इथे थोडा हलला. मला सगळ्यांचे आवाज काढता येतात, पण तो मी कधी काढून पाहिला नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून चिखलातून खिडकीशी आला. "ओ काका, गाडी बंद पडली का?"

"गाडी ठीक हाये," पप्पा म्हणाले. "मी बंद पडलो होतो."

मम्मीने विचारलं, आता परत फिरायचं का. फिरायला जागा नव्हती हे वेगळं, पण पप्पांनी मांडीवरच्या पेपरच्या चिंध्या गोळा करून खिशात घातल्या आणि म्हणाले, "देवानं बलामाले वापस नाही धाडलं. जा म्हणे, पन मी सांगन तेच बोल." मग ते ताईकडे वळले. त्यांना कुणाला काही विचारायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. "काय बोलू तिथी, सांग."

"खरं ते बोला," ताई म्हणाली आणि किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र.

सॉलोमनकाकांकडे गेल्या गेल्या आमच्यातल्या रिवाजाने सलाम झाला, प्रार्थना झाली, आणि आम्ही दुकानातल्या प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यावर बसलो. हललं की तो चरचरायचा. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत होता, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा. अमोल ट्रेमध्ये पाणी घेऊन आला. इतका घाबरलेला नवरदेव मी आजवर पाहिला नाही, आणि मी रिसेप्शनचा माणूस आहे. त्याने ट्रे आधी ताईसमोर धरला.

"मंग प्रभाकर, पक्कं समजू ना?" सॉलोमनकाकांनी विचारलं.

पप्पा म्हणाले, "देव तुह्या घराले बरकत देवो, सॉलोमन. दुकान लय मोठं केलं तू."

"ते झालं. पन पक्कं ना?"

"अन् वहिनीले देव चांगली तब्येत देवो. वास तं रस्त्यापासून येऊन राह्यला."

"अबे, लग्नाचं इचारून राह्यलो मी!"

"अमोललेही देव सुखी ठेवो," पप्पा म्हणाले, "जे त्याच्या मनात असन तिच्यासोबत."

सॉलोमनकाका उभे राहिले. सोफा चरचरला. "प्रभाकर! मी तुले इथी कायले बोलावलं अन् तू हे काय करून राह्यला?"

मी हसू दाबण्यासाठी तोंडात अख्खा गिला वडा घातला. बालाक राजाही अगदी हेच बोलला होता, अगदी याच सुरात. शाप द्यायला आणलेला माणूस नुसते आशीर्वाद देत सुटला तर कोणीही हेच बोलणार. पण पप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "शब्द मी देला होता, पोरीनं नाही. मी तिले इचारलंच नाही. आता सगळ्याईसमोर इचारतो. मार्था, तुले पसंत हाये का?"

"नाही," ताई म्हणाली.

मग सगळे अमोलकडे पाहायला लागले. त्याने ताईकडे पाहिलं, की आता तुम्हीच माझंही बोलून टाका. ताई शांतपणे पाणी प्यायली. तिने ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "माह्यं मी सांगतलं. तुह्यं ओझं मी नाही वाहणार, भाऊ."

त्या पोराने ट्रे खाली ठेवला. मग अत्यंत बारीक आवाजात तो म्हणाला, "बाबा, माह्यं दुसरीकडे हाये." त्या दिवशी बोललेलं ते दुसरं गाढव.

सॉलोमनकाकांचं तोंड उघडलं. पंचांच्या बैठकीत गाजलेला तो आवाज आता खोलीभर पसरणार, एवढ्यात आतून झाकण आदळल्याचा आवाज आला. सॉलोमनकाकांचं तोंड मिटलं. मम्मीने माझ्याकडे पाहिलं. अकोल्यातही तीच भाषा चालत होती. काकूंनी दारात येऊन एवढंच सांगितलं, "भाकरी निवते. पहिले जेवा. कोनाचं कुठी हाये ते मंग पाहू." दुसऱ्या वाढीला सॉलोमनकाकांनी मम्मीजवळच्या तुरीच्या शेंगा कुठल्या असं विचारलं, आणि पप्पांनी वावरातल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी त्या म्हाताऱ्याचं बोलणं इतकं हुबेहूब काढलं की मी चमकलो. नकला माझ्यात कुठून आल्या ते मला त्या दिवशी कळलं. काका हसले नाहीत, पण त्यांनी पप्पांच्या ताटात नळी वाढली.

ताईचं लग्न पुढे झालं, तिच्या मनासारख्या माणसाशी. तो पुढच्या सीटवर बसतो आणि सूचना देत नाही. पप्पा आता मागे बसतात, गुडघ्यांमुळे. पण परतीच्या त्या संध्याकाळी ते पुढेच होते, हातात गुंडाळी नव्हती, आणि ते हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर, कधी खिडकीवर, शेवटी त्यांनी सीट बेल्ट पकडला. ऊन उतरत होतं. मम्मी शेंगा सोलत होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे ताईने अचानक कच्चकन ब्रेक मारला. आम्ही सगळे पुढे आदळलो, दाणे गाडीभर सांडले. पप्पांचा हात सवयीने वर गेला. तो हवेतच थांबला. मग हळूच खाली आला.

पप्पांनी काचेतून समोरच्या मोकळ्या रस्त्यावर नीट पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही.

"काय दिसलं तुले?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "कुत्र्याचं पिल्लू होतं पप्पा. गेलं."

"बरं झालं थांबली," पप्पा म्हणाले.